ईशान्य भारतात बिऱ्हाड हलवायचंय: गुवाहाटी, शिलाँग, जोरहाट, आगरतळा की गंगटोक?

सावलीतली_वाट

पुढच्या वर्षी पुण्याहून ईशान्येकडे मुक्काम हलवायचा विचार पक्का होत आलाय. आम्ही दोघं, पाचवीतली मुलगी आणि ७२ वर्षांचे सासरे. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. एकाचं काम घरून, इंटरनेटवर. दुसऱ्याला घरगुती बेकरी सुरू करायची आहे. आधी भाड्याने राहू, दोन-तीन वर्षांनी जमलं तर जमीन किंवा फ्लॅट घेऊ.

यादीत सध्या गुवाहाटी, शिलाँग, जोरहाट, आगरतळा आणि गंगटोक आहेत. निसर्ग सगळीकडेच सुंदर आहे हे कळलं, त्यामुळे फोटो नकोत. परवाना, जमिनीचे नियम, दवाखाना, पावसाळ्यातले रस्ते, घर बघताना काय तपासायचं, गाडी कशी न्यायची, यावर नेमकं सांगा. मिझोरामचं ऐझॉल आणि नागालँडचं कोहिमाही सुचवले गेलेत. ते यादीत घ्यावेत का?

उंबरठा

शहरांची तुलना करण्याआधी कायद्याची चाळणी लावा, म्हणजे यादी आपोआप आटोपशीर होईल.

अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत बाहेरच्या भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतं. मूळ कायदा १८७३ चा, बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन. मणिपूरला तो डिसेंबर २०१९ मध्ये लागू केला. ऑनलाइन मिळणारं पर्यटकाचं परमिट आणि राहण्या-कामासाठीचं परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी स्थानिक माणूस किंवा नोकरी देणारी संस्था पुरस्कर्ता म्हणून उभी राहावी लागते, आणि मुदत संपली की नूतनीकरण. सरकारी बदली किंवा कंपनीची नोकरी असेल तर हे सगळं तेच बघतात. तुम्ही स्वतःहून जाणार, घरून काम करणार, म्हणजे पुरस्कर्ता कोण इथेच गाडी अडते. ऐझॉल आणि कोहिमा म्हणून यादीबाहेर. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये सुरू झालेला वांशिक हिंसाचार पाहता इम्फाळचा विचार तूर्त करूच नका.

आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि सिक्कीममध्ये राहायला इनर लाइन परमिट लागत नाही. सिक्कीममध्ये नाथुला, उत्तर सिक्कीम अशा सीमेलगतच्या भागांपुरतंच वेगळं परमिट आहे. पण परमिट नाही म्हणजे जमीन घेता येते, असा अर्थ काढू नका.

मेघालयात १९७१ चा जमीन हस्तांतर कायदा आहे. आदिवासी मालकाची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. शिलाँगमध्ये तुम्ही आनंदाने भाड्याने राहाल, पण मालक होण्याची आशा धरू नका. कोणी ‘स्थानिकाच्या नावावर घेऊ, आपसात करार करू’ म्हणालं तर तिथून उठा. असा व्यवहार कोर्टात टिकत नाही. पैसे तुमचे आणि घर त्याचं, असा मामला होतो.

सिक्कीमची जमीन तर बाहेरच्याला जवळजवळ बंदच. संविधानाच्या ३७१ फ कलमाने तिथले जुने कायदे शाबूत ठेवले आहेत. आयकरातली सिक्कीमची सूटही ‘सिक्कीमी’ व्याख्येत बसणाऱ्यांनाच आहे, तिथे राहायला गेलेल्यांना नाही. दरवर्षी कोणीतरी या आशेवर हिशेब मांडतो म्हणून लिहिलं.

राहिले आसाम आणि त्रिपुरा. इथे बाहेरच्याला मालकी मिळू शकते, पण सरसकट नाही. आसामात ‘ट्रायबल बेल्ट आणि ब्लॉक’ म्हणून अधिसूचित, बाहेरच्याला बंद असलेले पट्टे आहेत. गुवाहाटीच्या पूर्वेला सोनापूरच्या बाजूला असा पट्टा आहे आणि नेमक्या त्याच बाजूला स्वस्त प्लॉटच्या जाहिराती जास्त दिसतात. स्वस्त का, ते ओळखा. त्रिपुरात जवळपास दोन तृतीयांश क्षेत्र आदिवासींच्या स्वायत्त जिल्हा परिषदेखाली येतं. आगरतळा शहर त्याच्या बाहेर आहे, तरी आदिवासी मालकाकडून जमीन घेताना तिथेही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

मोजपट्टी

उंबरठा यांनी कागद सांगितले, मी जमीन आणि पाणी सांगतो.

गुवाहाटीत ‘कोणता भाग’ हा प्रश्न ‘कोणतं शहर’ याच्याइतकाच मोठा आहे. शहर टेकड्यांच्या मधल्या वाटीत बसलंय. टेकड्यांचं आणि मेघालयाच्या उतारावरचं पाणी बाहिनी आणि भरलू या नाल्यांतून ब्रह्मपुत्रेत जातं. भरलूमुख इथे दरवाजे आहेत. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेची पातळी भरलूपेक्षा वर गेली की दरवाजे बंद करून पंपाने पाणी काढतात. तेव्हाच शहरात तासभर जोराचा पाऊस पडला की पाण्याला जायला वाटच उरत नाही. त्यात टेकड्या कापल्यामुळे लाल माती वाहून येते आणि गटारं बुजवते. तिथले लोक याला ‘कृत्रिम पूर’ म्हणतात. अनिल नगर, नवीन नगर, झू रोडचा खालचा भाग, रुक्मिणीगाव आणि हाटीगावच्या सखल गल्ल्या यांची नावं दरवर्षी बातम्यांत असतात.

घर बघायला डिसेंबरात गेलात तर सगळं शहर कोरडं आणि गोड दिसेल. जून-जुलैत जा, सुट्टी कमी असली तरी. तेही जमत नसेल तर या खुणा बघा: कंपाउंडच्या भिंतीवर आडवी मळकट रेघ, तळमजल्यावरचा इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर उंच कट्ट्यावर चढवलेली, दाराला विटांचा तात्पुरता बांध, रस्ता नव्याने उंच केल्यामुळे घराचं जोतं त्याच्याखाली गेलेलं. घरमालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. त्याच्या दुकानातली खालची फळी रिकामी असेल तर उत्तर मिळालंच.

पाणी टाळायला टेकडीवर जायचं म्हणाल तर तिथे दरड. खारघुलीसारख्या उतारांवर घरामागची माती उभी कापलेली असेल, आधाराच्या भिंतीला पाणी जायची भोकं नसतील किंवा ती बुजलेली असतील, वरची झाडं आणि विजेचे खांब उताराकडे झुकलेले असतील, तर ते घर सोडा. भिंत मातीच्या वजनाने क्वचितच पडते. मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने ती ढासळते. भोकं बघा म्हणतो ते म्हणूनच.

भूकंपाकडे पुणेकर दुर्लक्ष करतात. १८९७ चा शिलाँग पठाराचा आणि १५ ऑगस्ट १९५० चा, ८.६ तीव्रतेचा आसामचा भूकंप, हे दोन्ही जगातल्या मोठ्या भूकंपांत मोजतात. फ्लॅट घ्यायचा तर तळमजल्यावर नुसते खांब आणि मोकळं पार्किंग असलेली इमारत टाळा. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला लवचीक, त्यामुळे सगळा हिसका खालच्या खांबांवर येतो. बील म्हणजे पाणथळ तळी. ती भरून केलेल्या जमिनीवर तर इमारत कितीही चांगली असली तरी नको, कारण हादऱ्याने ओल्या वाळूची जमीन पातळ होते. जुनी ‘आसाम टाइप’ घरं, म्हणजे लाकडी चौकट, इकरा नावाच्या उंच गवताच्या कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पत्रा, ही अशा हादऱ्यांतून शिकूनच रूढ झाली. भाड्याने असं घर मिळालं आणि छत गळत नसेल, तर जुनं म्हणून नाक मुरडू नका.

पाणी: बोअरला लोह भरपूर. पांढऱ्या बादलीत रात्रभर उघडं ठेवा. सकाळी पिवळसर तांबूस झालं, वर साय धरली, की लोह. थेट आरओ लावलंत तर काही महिन्यांत पडदा चोंदेल. आधी पाण्याला हवा खेळू द्यायची, मग वाळूचा किंवा लोह काढणारा फिल्टर, मग आरओ, असा क्रम ठेवा. गुवाहाटीच्या काही भागांत फ्लोराइडही आहे आणि ते दिसत नाही, चवीला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासणीच करावी लागते. १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल तर ते पाणी मुलीला प्यायला देऊ नका.

डोंगरधार

वरच्या दोघांनी शिलाँगला फारच झटपट बाजूला केलं. जमीन घ्यायची नसेल तर पाचांत राहायला सगळ्यांत सुखाचं तेच. साधारण १,५०० मीटर उंची, उन्हाळ्यात पंख्याची क्वचितच गरज. चांगल्या शाळा, आणि मावडिआंगडिआंगला नेग्रिम्स ही केंद्र सरकारची वैद्यकीय संस्था. तिथे हृदयरोग विभाग आहे, तुमच्या सासऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. पाऊसही चेरापुंजीसारखा असेल असं समजून घाबरू नका. सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, आणि माव्सिनराम पठाराच्या दक्षिण कड्यावर आहेत, तिथे वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पडतो. शिलाँग कड्याच्या मागे आहे, तिथे त्याच्या पाव हिश्श्याच्याही आत.

तरी अडचणी आहेतच. रेल्वे नाही. राज्यातलं एकमेव स्टेशन मेंदीपथार, तेही गारो टेकड्यांच्या टोकाला, शिलाँगच्या उपयोगाचं नाही. उमरोईचा विमानतळ छोट्या विमानांचा आणि ढग उतरले की बेभरवशाचा. त्यामुळे खरा आधार गुवाहाटीचाच, सुमारे १०० किलोमीटर, एरवी तीन तास.

दुसरी अडचण पाण्याची. ऐकून हसू येईल, पण जानेवारी ते मार्च शिलाँगमध्ये टँकर फिरतात. उतारावरून पाणी निघून जातं, मुरत नाही. घर बघताना टाकी किती लिटरची, नळ किती दिवसांआड, टँकर त्या गल्लीत चढतो का, हे तीन प्रश्न विचाराच.

भाड्याने घर घेताना वस्तीच्या ‘दोरबार श्नोंग’ची, म्हणजे स्थानिक पंचायतीची, आणि तिच्या प्रमुखाची, ‘रांगबाह श्नोंग’ची, संमती लागते. मालकाने भाडेकरूची माहिती तिथे द्यायची असते. हा उपचार म्हणून उरकू नका. स्वतः जाऊन भेटा, मुलीची शाळा आणि कामाचं स्वरूप सांगा. पुढे पाण्यापासून कचऱ्यापर्यंत सगळं त्याच माणसाकडून होतं.

बेकरीबद्दल: खासी टेकड्यांच्या स्वायत्त जिल्हा परिषदेच्या हद्दीत बिगर-आदिवासीला व्यापाराचा वेगळा परवाना लागतो, १९५४ च्या नियमाने. शिलाँगच्या जुन्या नगरपालिकेच्या भागात आणि परिषदेच्या भागात नियम वेगळे आहेत. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन हद्दी असू शकतात. घर ठरवण्याआधी नेमकी हद्द विचारून घ्या. नाहीतर ओव्हन आणून बसाल आणि परवाना मिळणार नाही.

बुरशी मात्र अटळ. चामड्याचे जोडे, कॅमेऱ्याची भिंगं आणि पार्टिकल बोर्डचं फर्निचर, तिन्ही पहिल्याच पावसाळ्यात जातात. फर्निचर पुण्यातच विकून या.

सावलीतली_वाट

खूप मदत झाली. दोन प्रश्न: जोरहाट आणि आगरतळ्याबद्दल कोणी बोललंच नाही. आणि घरून काम करायला इंटरनेट कुठे टिकतं?

बेरीजवजाबाकी

आगरतळ्याची बाजू मी मांडतो, कारण ते कुणाच्या डोक्यात येत नाही. शहर सपाट आहे, बोलणं बंगालीत, हिंदीवर निभतं. स्वयंपाकाला पाइपचा गॅस अनेक वस्त्यांत आहे, कारण त्रिपुरात वायूचे साठे आहेत. बेकरीच्या ओव्हनला याचा विचार करा. विमानतळाची नवी इमारत जानेवारी २०२२ पासून चालू, कोलकाता तासाभरावर. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कामाख्या मार्गे आगरतळ्याला थेट वातानुकूलित गाडीही आहे, आठवड्यातून एकदा.

पण रेल्वे आणि तिने येणारं सामान, दोन्ही आसामच्या डिमा हासाओ या डोंगराळ जिल्ह्यातून येतात. मे २०२२ मध्ये दरडींनी लुमडिंग–बदरपूर मार्ग बंद पडला तो जवळपास दोन महिने. त्या काळात भाव चढले, पेट्रोल टंचाई झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्रिपुरात मोठा पूर आला, तोही लक्षात ठेवा. आणि सासऱ्यांना तिथे न होणारी मोठी शस्त्रक्रिया अचानक लागली तर विमानाशिवाय पर्याय नाही.

जीएसटीचा फरक बेकरीला थेट लागू होतो. माल विकण्यासाठी नोंदणीची मर्यादा आसामात वार्षिक ४० लाख, मेघालय आणि सिक्कीममध्ये २० लाख, त्रिपुरात १० लाख रुपये. म्हणजे तीच बेकरी गुवाहाटीत नोंदणीशिवाय चालेल आणि आगरतळ्यात महिना ८५ हजारांची विक्री झाली की नोंदणी करावी लागेल. चार टेबलं टाकून खायला वाढायला लागलात की ती सेवा होते आणि आसामातही मर्यादा २० लाखांवर येते. माल राज्याबाहेर पाठवला तर मर्यादा बघायचीच नाही, नोंदणी करायची. अन्न सुरक्षेची नोंदणी सगळीकडेच लागते.

गाडीचं: महाराष्ट्रातल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म २७ आणि उरलेल्या वर्षांचा तिथला कर. मग महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण नव्या नोंदणीचा पुरावा जोडूनच. लोक इथेच चुकतात. ना-हरकत घेऊन दोन वर्षं तशीच गाडी चालवतात आणि मग दंडही भरतात, परतावाही बुडवतात. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर इथेच विकणं स्वस्त.

उंबरठा

जोरहाटबद्दल. सुटसुटीत, स्वच्छ, चहा संशोधनाचं तोकलाई आणि कृषी विद्यापीठ यांमुळे शिकल्या-सवरल्या लोकांचं गाव. मोठ्या शहराची धांदल नको असेल तर उत्तम. शहरातच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गावालगत विमानतळ.

अडचण अंतराची. गुवाहाटी सुमारे ३०० किलोमीटर, आणि रस्ता काझीरंगाच्या कडेने जातो. पूर आला की प्राणी उंच जागेकडे महामार्ग ओलांडतात, तेव्हा वाहनांना वेगमर्यादा आणि वेळेची नोंद असलेलं कार्ड देतात. नियम योग्यच आहे, पण रुग्ण घेऊन जाताना तो धरून वेळ मोजावा लागतो. म्हणून जोरहाट ठरवण्याआधी दोन गोष्टी फोनवर विचारा: अँजिओप्लास्टीची सोय चोवीस तास आहे का, की डॉक्टर ठरावीक वारी येतात? आणि दिब्रुगढच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत रात्री रुग्णवाहिका मिळते का? दुसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर सासरे सोबत असताना जोरहाट नको.

गंगटोकलाही हाच निकष लावा. राष्ट्रीय महामार्ग १० तीस्तेच्या काठाने जातो आणि ऑक्टोबर २०२३ च्या हिमतलाव फुटीनंतर तो पावसाळ्यात वारंवार बंद पडतो. गंगटोकजवळच्या पाक्योंग विमानतळावरच्या विमानांचा भरवसा नाही, म्हणजे सिलिगुडीजवळचा बागडोगरा विमानतळ गाठायलाही तोच रस्ता. लाव्हा गावामार्गे वळसा आहे, पण रुग्णासाठी तो वळसा फार लांबचा.

आणखी एक, आरोग्याचंच. आसामात जून ते ऑगस्ट जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळतात. भातखाचरं, डुकरं आणि डास असं त्याचं चक्र आहे. लसीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणी सामानात वरच ठेवा.

मोजपट्टी

इंटरनेट. गुवाहाटी आणि आगरतळ्यात फायबर चांगलं, शिलाँगच्या मध्यवस्तीतही. डोंगराळ शहरांत खरी गोम ही की दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या तरी दोघींची केबल एकाच महामार्गाच्या कडेने आलेली असते. दरड एक, आणि दोन्ही लाइन बंद. म्हणून दुसरी जोडणी फायबरची न घेता मोबाइलची घ्या, वेगळ्या कंपनीची. तणावाच्या काळात किंवा मोठ्या भरती परीक्षांच्या दिवशी प्रशासन मोबाइल डेटा बंद करतं, तेव्हा फायबर चालू राहण्याची शक्यता जास्त. दोन्ही ठेवण्याचं कारण हेच. नोकरी देणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

आसामात विजेचे प्रीपेड स्मार्ट मीटर बसताहेत. भाड्याचं घर घेताना आधीची बाकी मीटरवर उरली नाही ना, ते ताब्यात घेण्याआधी बघा. नाहीतर तुमचं पहिलं रिचार्ज जुन्या भाडेकरूच्या थकबाकीत जाईल.

उजेडाचा हिशेबही करा. गुवाहाटीत डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं. चहाचे मळे म्हणूनच घड्याळ एक तास पुढे ठेवून ‘बागान टाइम’वर चालतात. तुमचं ऑफिस पुण्याच्या वेळेने सात वाजता सुटणार असेल, तर हिवाळ्यात काम सुटल्यावर उन्हाचा एक किरण अंगावर पडणार नाही. सकाळची वेळ मागून घ्या.

डोंगरधार

बिऱ्हाड कधी हलवायचं, ते राहिलं. घर जून-जुलैत बघा, सामान नोव्हेंबर ते मार्चमध्ये हलवा. एप्रिलच्या मध्यावर रोंगाली बिहूत आसामात आठवडाभर कामं थंडावतात आणि त्याच सुमाराला बोर्दोइसिला, म्हणजे उन्हाळी वादळं, सुरू होतात. शाळेचं सत्र एप्रिलचं धरलंत तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पोचा. सगळं सामान सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून येतं. तिथे ट्रक अडकले की चार-पाच दिवस सहज वाढतात, तेव्हा औषधं, कागदपत्रं, मुलीची पुस्तकं ट्रकमध्ये टाकू नका. सासऱ्यांची महिनाभराची औषधं हाताशी.

उंबरठा

आता माझं मत. या कुटुंबाला, म्हणजे हृदयरोगी ज्येष्ठ, घरून काम आणि पुढे मालकी, गुवाहाटी. भागही सांगतो: सासऱ्यांना भांगागढच्या मेडिकल कॉलेजपर्यंत पावसातही अर्ध्या तासात नेता येईल असा आणि मोजपट्टींच्या खुणांत पास होणारा. डोंगरधार यांचा आग्रह असेल तर शिलाँग, पण मग जमिनीची गोष्ट सोडून. चांगसारीचं एम्स नदीच्या उत्तर काठाला आहे, नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये ब्रह्मपुत्रेचा पूल आणि त्यावरची गर्दी आहे.

जमीन बघायला लागाल तेव्हा: पट्टा, म्हणजे जमिनीचा सरकारी कागद, ‘म्यादी’ आहे की ‘एकसना’ ते पहिलं विचारा. म्यादी म्हणजे कायमस्वरूपी, विकता येणारा. एकसना वर्षापुरता, त्यावर पैसे देऊ नका, ‘लवकरच म्यादी होणार आहे’ असं कोणीही सांगितलं तरी. मग जमाबंदीची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल आसाम सरकारच्या धरित्री पोर्टलवर पडताळा, दाग क्रमांक, म्हणजे प्लॉटचा नोंदणी क्रमांक, जागेवर जाऊन मंडलला, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याला, दाखवा आणि तो दाग ट्रायबल बेल्टमध्ये नाही याची लेखी खात्री सर्कल ऑफिसातून घ्या. विक्रीला जिल्हा आयुक्तांच्या कार्यालयाची ना-हरकत लागते, ती हातात आल्याशिवाय मोठी रक्कम सोडायची नाही.

मापं वेगळी आहेत, तिथे फसू नका. १ बिघा म्हणजे ५ कठा, १ कठा म्हणजे २० लेचा. कठा २,८८० चौरस फूट, लेचा १४४. बंगालातला कठा ७२० चौरस फुटांचा असतो. सिलिगुडीचा दलाल आणि गुवाहाटीचा दलाल एकच शब्द वापरतात, प्लॉट मात्र चौपट लहान-मोठा. भाव नेहमी चौरस फुटात लिहून मागा.